रात्री बाराला जन्मलेली माणसं

माझा जन्म एक जूनचा. माझ्या नवऱ्याचा एक जूनचा, दिराचा एक जूनचा, आणि शेजारच्या ज्या बाईशी माझं नळावरून भांडण आहे तिचाही एक जूनचाच. आमच्या पिढीला शाळेत घालताना गुरुजी विचारायचे, पोर कधी झालं? आई सांगायची, ज्वारी हुरड्यात होती तेव्हा. गुरुजींच्या वहीत हुरड्याचा रकाना नव्हता. ते एक जून लिहून मोकळे व्हायचे. ठाऊक नसलेली वेळ कागदावर कशी तयार होते, हे मला चौथीपर्यंतच्या शाळेतच कळलं होतं. पुढं नोकरीही त्याच कामाची लागली.

केज तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी बाळंतपणाच्या खोलीत आया होते. गावाचं नाव सांगत नाही. ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे ती माणसं जिवंत आहेत आणि त्यांना वाचता येतं.

लोकांना वाटतं, आयाचं काम म्हणजे फरशी पुसणं आणि पाणी तापवणं. तेही केलं. पण माझं एक काम वेगळं होतं. बाळ बाहेर आलं की भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून मोठ्यानं वेळ ओरडायची. सिस्टरचे दोन्ही हात गुंतलेले, बाळंतिणीचं चित्त ठिकाणावर नाही, डॉक्टर असले तर कॅम्पला गेलेले. रिकामं तोंड माझंच. मी ओरडायचे, "नऊ दहा!" सगळं आवरल्यावर सिस्टर हात धुऊन रजिस्टरात लिहायच्या. मी ओरडले नाही तर तो रकाना रिकामा.

नोकरी लागली तेव्हा मला घड्याळ नीट कळत नव्हतं, हे सांगायला लाज कसली. मोठ्या सिस्टरनी शिकवलं. त्या म्हणाल्या, "गयाबाई, लहान काटा म्हणजे आपल्या ऑफिसातला बाबू, जागचा हलत नाही. मोठा काटा म्हणजे तू." दोन दिवसांत शिकले.

त्यांनी आणखी एक शिकवलं. पहिल्याच महिन्यात मी एकदा ओरडायला विसरले आणि नंतर अंदाजानं सांगितलं, सव्वादोन. त्यांनी पेन खाली ठेवला. "बघितलं होतंस?" म्हटलं, नाही, पण तेवढंच असेल. त्या म्हणाल्या, "मग रिकामं राहू दे. रिकामं ठेवलं तर उद्या कुणीतरी विचारील. भरलं तर कुणी विचारणार नाही."

हे वाक्य मी नोकरीभर पाळलं. एकदा सोडून. त्या एकदाचंच सांगायचं आहे, पण आधी रिकाम्या जागा किती तऱ्हेच्या असतात ते सांगते, नाहीतर शहाण्या माणसांना वाटेल, रिकामं ते रिकामं.

एकदा कंपाउंडरनं रेडिओवर मॅच ऐकायला घड्याळाचा सेल काढून नेला. काटे दहा वीसवर थांबले. मी आपली बघायची आणि ओरडायची, "दहा वीस!" चार दिवस जे पोर आलं ते दहा वीसला आलं. पाचव्या दिवशी एक आजोबा नातवाची पत्रिका करायला वेळ विचारायला आले आणि रजिस्टर बघून म्हणाले, "बाई, तुमच्याकडं पोरं एसटीसारखी टायमावर येतात की!" सिस्टरनी त्या सगळ्या वेळा लाल शाईनं काट मारून रिकाम्या केल्या. मला वाईट वाटलं, कारण इतकं ओरडलेलं वाया गेलं. पण थांबलेल्या घड्याळाची वेळ ही वेळ नव्हे, हे खरंच होतं.

दुसरी तऱ्हा रस्त्यावरची. युसूफ वडगावकडून एक बाई वडाप जीपमधून येत होती. दवाखाना यायच्या आधीच जीप पंक्चर झाली आणि तिथंच पोरगा झाला. सिस्टरनी वेळ विचारली तर ड्रायव्हर म्हणाला, "स्टेपनी काढत व्हतो तवा." आता स्टेपनी किती वाजता काढली? रकाना रिकामा. पोराचं नाव पंक्चऱ्या पडलं. तो आता पोलिसात आहे आणि त्याला तसं हाक मारलेलं आवडत नाही.

मी निवृत्त झाले. बरीच वर्षं गेली. मग दोन वर्षांखाली दवाखान्यातून निरोप आला की जुनी रजिस्टरं संगणकात चढवायचं काम चाललंय, सिस्टर लोकांची अक्षरं कुणाला लागत नाहीत, तुम्ही येऊन बसा. मोठ्या सिस्टर वारल्या होत्या. त्यांचं अक्षर वाचणारी मीच उरले होते. चौथी शिकलेल्या बाईला सरकारनं वाचायला बोलावलं, म्हणून मी नवं पातळ नेसून गेले.

संगणकावर समीना होती, उस्मान मिस्त्रीची मोठी मुलगी. उस्मानचं गॅरेज रस्त्यालाच आहे. पोरगी हुशार, चहा गोड पिणारी, आणि कामाच्या वेळी मोबाइल पिशवीत ठेवणारी. तिच्या आधी एक जण हे काम करून गेला होता. समीनानं पहिल्याच दिवशी त्याचं काम उघडून मला दाखवलं.

"मावशी, तुमच्या दवाखान्यात रात्री बारा वाजता काही देतात का?"

"कावून?"

"बघा तर. ह्यो बाराला, ही बाराला, हे बाराला, आणि एकाच रात्री बाराला ह्ये तिघं. खाट एकच होती म्हणता ना?"

मी रजिस्टर काढून लावून बघितलं. जिथं जिथं वेळेचा रकाना रिकामा होता, तिथं तिथं त्या गड्यानं रात्रीचे बारा टाकले होते. का, तर संगणकात वेळेची जागा रिकामी सोडली की लाल अक्षरं यायची आणि पुढचं पान उघडायचं नाही. बारा टाकले की उघडायचं. गुरुजींचा एक जून तसे ह्याचे रात्रीचे बारा. मला आमचे गुरुजी परत जन्मल्यासारखे वाटले.

"बारा टाकले तर काय बिघडलं?" मी मुद्दाम विचारलं. पोरगी किती पाण्यात आहे ते बघायचं होतं.

ती म्हणाली, "अब्बांकडं गाडी आली आणि स्पीडचा काटा शून्यावर असला, तर अब्बा पहिलं काय बघतात? गाडी उभी हाय म्हणून शून्य हाय, का काटाच तुटलाय. दोन्ही शून्यच दिसतात. पण एकीला हात लावायचा न्हाई आणि एकीचा काटा बदलायचा. ह्यानं समदे तुटके काटे शून्यावर चिकटवले, मावशी. आता खरंच रात्री बाराला झालेलं पोर कोणतं, ते कसं हुडकायचं?"

मी तिला म्हटलं, तुझ्या बापाला पोरीच्या रूपानं चांगला मिस्त्री मिळाला.

तिनं वर कळवून त्या जागेत रिकामं चालेल अशी सोय करून घेतली. शेजारी आणखी एक लहान जागा करून घेतली, रिकामं का आहे ते लिहायला. घड्याळ बंद. दवाखान्याबाहेर. लिहायचं राहिलं. कुणालाच ठाऊक नाही. मग आम्ही दोघी रोज बसून रात्री बाराची पोरं एकेक करून मोकळी करू लागलो. मी त्या आधीच्या गड्याला रोज शिव्या घालायची. ठाऊक नाही तर ठाऊक नाही म्हणायला जीभ झडते का? न बघितलेलं कुणी लिहितं का? समीना हसायची. मला फार शुद्ध वाटायचं स्वतःबद्दल.

अशात एक दिवस दुपारी लहू आणि अंकुश आले.

हे दोघं आमच्या गावच्या तात्या पाटलांचे जुळे मुलगे. दोघांची चाळिशी उलटलेली. लहू थोरला, अंकुश धाकटा, हे सगळ्या गावाला ठाऊक. आमच्याकडं पोळ्याला सगळ्यांच्या आधी वेशीच्या तोरणाखालून जातो तो तात्यांच्या घरचा मानाचा बैल, आणि त्याचा कासरा घरातल्या थोरल्याच्या हातात असतो. तात्या असेपर्यंत त्यांनीच धरला. तात्या त्या उन्हाळ्यात वारले. म्हणजे या पोळ्याला कासरा लहूच्या हातात जाणार, यात बोलायलासुद्धा काही नव्हतं.

पण अंकुशला कसल्याशा कामाला जन्माचा उतारा लागला आणि त्या आधीच्या गड्यानं दोघा भावांचे उतारे एकदमच छापून दिले होते. लहू सकाळी अकरा पंचवीस. अंकुश रात्री बारा, त्याच तारखेचे, म्हणजे तो दिवस सुरू होतानाचे. म्हणजे अंकुश थोरला, जवळजवळ साडेअकरा तासांनी.

दोघं एकाच मोटरसायकलवर आले, कारण दुसरी उस्मानकडं दुरुस्तीला होती. भांडणारे दोन, गाडी एक.

लहूनं कागद माझ्यापुढं टाकला. "मावशी, आमची आय साडेअकरा तास काय करत व्हती? मधी रानात जाऊन खुरपून आली का?"

"सरकारी कागद हाय," अंकुश म्हणाला. "शिक्का हाय त्याच्यावर."

"शिक्का बाळंतपणाला आलता का बे?"

"तू तर शिक्क्याच्या बी मागून आलास."

समीनानं दोघांना खाली बसवलं आणि सांगितलं की ते बारा खरे नाहीत, रिकाम्या जागेत भरलेले आहेत. लहूनं मांडीवर थाप मारली. "संपलं. म्हणजे मी थोरला."

"तसं बी न्हाई, भाऊ," समीना म्हणाली. "अंकुशभाऊंची वेळ न्हाई, एवढंच. न्हाई म्हणजे आधी बी असल, नंतर बी असल." आणि ती माझ्याकडं वळली. "मावशी, तुमी व्हतात ना?"

होते. मी म्हटलं, "उद्या या." लहू म्हणाला, "ह्यात उद्या काय?" मी म्हटलं, उद्या या म्हटलं की उद्या यायचं. दोघं त्याच मोटरसायकलवर गेले. आता अंकुश चालवत होता.

ते गेल्यावर समीनानं रजिस्टर उघडलं. "वरची ओळ लहूभाऊची हाय, खालची अंकुशभाऊची. अंकुशभाऊची वेळ 'लिहायचं राहिलं' टाकते आन् पुढं जाते. चालंल?"

मला नुसतं चालेल म्हणायचं होतं. एक शब्द. लहूच्या हातात कासरा गेला असता, गावाचं ठरलेलं ठरल्यासारखं राहिलं असतं, आणि मला जे ठाऊक होतं ते माझ्याबरोबर गेलं असतं.

मी म्हटलं, "थांब जरा."

झालं होतं असं. शेवंताबाई, म्हणजे तात्यांची बायको, सकाळी आली. जुळं आहे हे ठाऊक होतं. पहिलं पोर आलं ते निळं, न रडणारं. सिस्टरनी नाळ कापून ते माझ्या हातात टाकलं आणि म्हणाल्या, चोळ. दुसरं लगेच येत होतं, त्यांना तिकडं वळावं लागलं. मी पहिल्याची पाठ चोळत होते, तळव्यांना टिचक्या मारत होते, नळीनं त्याच्या तोंडातली घाण ओढत होते. घड्याळाकडं कोण बघतंय. तेवढ्यात दुसरं आलं, बाहेर पडताच बोंबलायला लागलं. सिस्टरनीच घड्याळ बघितलं, अकरा पंचवीस. त्यांनी ते पटकन वरच्या ओळीत लिहिलं. खालची ओळ सोडली. मी विचारलं, ह्याची वेळ? त्या म्हणाल्या, "आधी कोणत्या रजिस्टरात लिहायचं ते तर कळू दे." जन्माचं रजिस्टर वेगळं आणि मेलेल्यांचं वेगळं होतं.

पुढं ते पोर रडलं. किती वेळानं ते देवाला ठाऊक. मला ते फार लांब वाटलं, म्हणजे तीन-चार मिनिटं असतील. मग आम्ही दोघी इतक्या हसलो की तो रकाना भरायचा राहूनच गेला.

पण ते रडायच्या आधी दारावर तात्यांनी थाप मारली होती. बाहेर अर्धं गाव. सिस्टरनी बोंबलणारं पोर गुंडाळून माझ्याकडं दिलं, माझ्या हातातलं त्यांनी घेतलं आणि म्हणाल्या, हे नेऊन दाखव, नाहीतर तो आत येईल. मी दार उघडलं. तात्या म्हणाले, "दोन आवाज कावून येत न्हाईत? ह्यो थोरला का?"

मी म्हटलं, "होय. थोरला."

दुसरं काय म्हणणार? थोरला आत आहे आणि श्वास घेत नाही, असं? मी एक रिकामी जागा भरली आणि पुढचं पान उघडलं. तात्यांनी तिथल्या तिथं पेढे वाटले. बारशाला मला हिरवं इरकली लुगडं दिलं. मी ते विरेपर्यंत नेसले.

हे सगळं समीनाला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे बारा खोटे, पण थोरला खरा."

"हो."

"आणि एवढा महिना तुमी त्या गड्याला शिव्या देताय."

मी म्हटलं, चहा सांग.

दुसऱ्या दिवशी त्यांना यायची वाट न बघता मीच तात्यांच्या घरी गेले. शेवंताबाईच्या समोर सांगायचं होतं, नाहीतर म्हणतील म्हातारीनं मागून लावालाव केली. शेवंताबाई ओसरीवर शेंगा फोडत होती. दोघं पोरं आणि दोघी सुना समोर. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, रंगवलं नाही. शेवटी म्हटलं, "किती वाजता ते मला म्हाईत न्हाई. पर आधी अंकुश आला. थोरला अंकुश हाय. लहूला मी थोरला केला."

शेवंताबाईनं एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि म्हणाली, "मला ठावं व्हतं."

"काय?" मीच ओरडले.

"पयला गपगार आला आन् दुसरा वरडत आला, ह्ये आयला कळत न्हाई व्हय?"

"मग बोलली कावून न्हाईस इतकी वर्सं?"

"समद्या गावानं पेढं खाल्लं व्हतं. कुणाकुणाच्या तोंडातनं काढू? आन् मला वाटलं, तुला वाईट वाटंल."

चाळीस वर्षं आम्ही दोघी बाजारात भेटत होतो, भाज्यांचे भाव बोलत होतो, आणि एकीनं दुसरीसाठी तोंड मिटलं होतं. याला काय म्हणावं.

मी लहूकडं बघितलं. वाटलं, आता हा मला काहीतरी बोलेल, आणि बोलला असता तर मी ऐकून घेतलं असतं. तो उठला. खुंटीवरचा तात्यांचा फेटा काढला. मग अंकुशच्या मांडीवर ठेवला.

"घे, दादा."

अंकुशनं छाती फुगवली.

"आता ऐक," लहू म्हणाला. "मंगळवारी चुलत्याचं वर्षश्राद्ध. तू जायचं. देवळाच्या मंडपावरनं दोन गटांची बोलाचाली चाललीया, ती दोन्हीकडची माणसं सकाळी आपल्या ओसरीवर येत्यात, येकाच टायमाला. तू ऐकायचं. आत्याच्या पोरीची सोयरीक बघाय चौसाळ्याला जायचं हाय. तिथं तीन तास बसायचं आन् हसायचं. गावात कुणाच्या बी घरी मयत झालं तर पयला तू. आन् कुणाचं भांडण मिटवलंस तर दोघं बी तुलाच शिव्या देत्यात, ते मनावर घ्यायचं न्हाई."

अंकुशची छाती जरा खाली आली.

पोळ्याला बारा दिवस होते. त्या बारा दिवसांत अंकुशला मी रस्त्यानं तीनदा बघितलं, तिन्ही वेळा धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांत, कुणाच्या तरी दुःखाला निघालेला. लहूला एकदा बघितलं. उस्मानच्या गॅरेजात बाकड्यावर आडवा पडून घोरत होता. उस्मान म्हणाला, "मावशी, ह्याला काय झालंय? लई खूश हाय."

पोळ्याच्या दिवशी सकाळी अंकुश माझ्या दारात. डोळे खोल गेलेले.

"मावशी, एक काम व्हतं."

"बोल."

"त्या पोरीला सांगा, माझी जागा रिकामीच ऱ्हाऊ द्या म्हणावं. कोण आधी, कोण मागनं, कुणाला काय म्हाईत. लहूला सवय हाय. त्योच धरू द्या कासरा."

मला हसू आलं, पण दाखवलं नाही. इतकी वर्षं ह्या माणसाला धाकटा म्हणून कुणी विचारलं नाही. लहानपणी लहूची जुनी कापडं घातली, लहूच्या मागून जेवला. कागदावर थोरला झाला तेव्हा कसा तडक दवाखान्यात आला होता.

"रिकामीच हाय," मी म्हटलं. "वेळ मला म्हाईत न्हाई, ती कुणीच लिव्हणार न्हाई. पर आधी तू आलास, ते मी बघितलंय. गपगार आलास, तरी आधी आलास. जा. कासरा धर."

तो गेला.

दुपार कलल्यावर मी वेशीपाशी जाऊन उभी राहिले. अंकुशचा फेटा वाकडा होता. मागं लहू दुसरा बैल घेऊन, बारा दिवस झोपलेल्या माणसाचा चेहरा. तोरणाखाली येऊन मानाचा बैल थांबला. हलेना. त्याला वैरण घालणारा लहू होता, आणि बैलानं काही रजिस्टर वाचलेलं नव्हतं. लोक हसायला लागले. अंकुश घामाघूम. लहूनं मागून नुसतं जिभेनं टक् केलं, आणि बैल अंकुशच्या मागं चालू लागला. तोरणाखालून गेला. शेवंताबाईनं पदरानं तोंड झाकलं. हसत होती की काय, ते मला दिसलं नाही.

ग्रामपंचायतीचा बाबू वही घेऊन माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. दरवर्षी पोळ्याची नोंद करायची असते.

"मावशी, मानाचा बैल किती वाजता गेला वो?"

"मी बैलाकडं बघत व्हते," मी म्हटलं. "घड्याळाकडं न्हाई."

"असंल साडेपाच," असं म्हणून तो वहीवर वाकला.

मी त्याच्या हातातला पेन काढून घेतला.